‘कोशेर’ शब्दाचे प्रामाण्य : न्यूयॉर्कमधील यहुदी उपाहारगृहांच्या इतिहासाची एक बाजू

उपाहारगृहाच्या दारावरील पाटी सामान्यतः आत काय मिळते ते सांगते. न्यूयॉर्कमधील यहुदी उपाहारगृहांवरील ‘कोशेर’ ही पाटी त्याहून निराळे काही सांगते. आतील अन्न धर्मदृष्ट्या ग्राह्य आहे आणि त्या ग्राह्यतेची हमी कोणी तरी घेतली आहे, असा तिचा आशय असतो. अन्नाकडे पाहून, ते चाखून किंवा हुंगून ह्या हमीची परीक्षा करता येत नाही. गिऱ्हाइकाला शब्दावरच विसंबावे लागते. तेव्हा ह्या शब्दामागे उभे कोण आहे, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. तो सामाजिक इतिहासाचाही होतो. न्यूयॉर्क शहरात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. मूळ हिब्रू शब्द ‘काशेर’; अर्थ ‘योग्य, उचित’. पूर्व युरोपातील यहुद्यांच्या उच्चारपरंपरेत ह्यातील ‘आ’काराचा ‘ओ’ झाला, आणि यिडिश भाषेच्या द्वारे ‘कोशेर’ हे रूप इंग्रजीत गेले. भक्ष्याभक्ष्याचे नियम सांगणाऱ्या तोरा ग्रंथात हा शब्द अन्नाच्या संदर्भात मुळीच येत नाही. ह्या धातूची रूपे एस्तेर आणि उपदेशक ह्या पुस्तकांत आढळतात आणि तेथे त्यांचा अन्नाशी संबंध नाही. आहारविषयक पारिभाषिक अर्थ त्यास पुढील धर्मशास्त्रकारांच्या काळात प्राप्त झाला. विरुद्धार्थी ‘तेरेफा’, यिडिश ‘त्रेफ’, ह्याचा मूळ अर्थ ‘श्वापदाने फाडलेले’ एवढाच होता. तो विस्तारत जाऊन सर्व निषिद्ध अन्नास लागू झाला.

नियमांपैकी उपाहारगृहांचे स्वरूप ठरविणारा नियम म्हणजे मांस आणि दूध ह्यांच्या मिश्रणाचा निषेध. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरा ग्रंथात तीन वेळा आली आहे. तिच्या विवरणातून भांडी, ताटे, चुली आणि दोन जेवणांमधील कालावधी वेगळा राखण्याचे शास्त्र निर्माण झाले. यिडिश भाषेने अन्नाचे तीन वर्ग केले : ‘फ्लेशिक’ म्हणजे मांसाचे, ‘मिल्खिक’ म्हणजे दुधाचे आणि ‘पारव’ म्हणजे दोहोंशी चालणारे. ह्याखेरीज पशूचा वध प्रशिक्षित ‘शोखेट’च्या हातून व्हावा लागतो, आणि मांसातील रक्त मीठ लावून काढावे लागते.

लहान वस्तीत ह्या साऱ्यासाठी पाटीची आवश्यकता नसते. शोखेट कोण, त्याचे आचरण कसे, हे घराघरांस ठाऊक असते. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण मराठी वाचकास परिचित आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस ‘शनवार तेली’ हे नाव दिले. म्हणजे त्यांचे धर्माचरण परधर्मीयांच्याही नित्य दृष्टीस पडत होते. पूर्व युरोपातील यहुदी गावांत विश्वास असाच परिचयावर आधारलेला होता. १८८१ ते १९१४ ह्या काळात सुमारे २० लाख यहुदी अमेरिकेत आले आणि त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कमध्ये राहिला. एका गावचा खाटीक, दुसऱ्या गावचा खानावळवाला आणि तिसऱ्या गावचे गिऱ्हाईक अशी तेथील स्थिती झाली. शब्द तोच राहिला. त्यास आधार देणारा परिचय मात्र नाहीसा झाला.

पहिला उपाय धर्माधिकाराचा. शहरातील कर्मठ सभास्थानांनी एकत्र येऊन १८८८ मध्ये व्हिल्ना येथील विद्वान रब्बी जेकब जोसेफ ह्यांस प्रमुख रब्बी म्हणून आणले. मांसविक्रीवर देखरेख करणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. देखरेखीचा खर्च भागविण्यासाठी तपासलेल्या प्रत्येक कोंबडीस शिशाचे लेबल लावून एक सेंट अधिक घेण्याचे ठरले. रशियात झारच्या सरकारने कोशेर मांसावर ‘कारोबका’ नावाचा कर बसविलेला होता. त्यापासून सुटून आलेल्या गरीब लोकांस हा सेंट तसाच भासला. खाटकांचा आणि प्रतिस्पर्धी रब्बींचाही विरोध झाला. योजना मोडली आणि १९०२ मध्ये जेकब जोसेफ विपन्नावस्थेत वारले.

त्याच वर्षी मे महिन्यात कोशेर मांसाचा भाव पौंडास १२ सेंटांवरून १८ सेंटांवर गेला. लोअर ईस्ट साइड भागातील गृहिणींनी मांसावर बहिष्कार पुकारला, दुकानांपुढे पहारे बसविले, विकत घेतलेले मांस रस्त्यावर फेकले. अनेकींना अटक झाली. जूनमध्ये भाव बराच उतरला. ज्याला निषिद्ध मांस चालते त्यास महाग दुकान सोडून दुसरीकडे जाता येते. कोशेर पाळणाऱ्यास ती मोकळीक नसते. शब्दाच्या प्रामाण्याची किंमत गरिबाच्या खिशातून जात होती, आणि म्हणून त्या शब्दाच्या नावावर होणारी फसवणूक त्यास दुहेरी जाचक होती.

ह्याच वस्तीत उपाहारगृहांचे दोन वर्ग वाढले. एक ‘डेलिकॅटेसन’, म्हणजे मांसाचे. हा शब्द जर्मन वसाहतवाल्यांचा. यहुद्यांनी तो उचलून खारवलेले गोमांस, सॉसेज आणि ‘पास्त्रामी’ ह्यांच्या दुकानास लावला. ‘पास्त्रामी’चे मूळ रोमानियन ‘पास्त्रामा’. शेवटचा ‘ई’कार ‘सलामी’च्या सादृश्याने आला असावा. कोशेर डेलिकॅटेसनमध्ये कॉफीत दूध मिळत नसे आणि पावास लोणी लागत नसे. दुसरा वर्ग दुग्धाहारी उपाहारगृहांचा. तेथे ब्लिंट्स नावाची पनीर भरलेली घावने, आंबट सायीसह बीटचे सार आणि मासे मिळत; मांस वर्ज्य. १९०५ मध्ये सुरू झालेले आणि पुढे डिलान्सी स्ट्रीटवर नावारूपास आलेले ‘रॅटनर्स’ हे ह्या वर्गातील प्रसिद्ध नाव. ते २००२ मध्ये बंद झाले. १९३० नंतरच्या दशकात शहरातील कोशेर डेलिकॅटेसनांची संख्या दीड हजारांच्या आसपास होती. एवढ्या दुकानांवर कोणा एका रब्बीची नजर पोचणे अशक्यच होते.

दुसरा उपाय राज्यसत्तेचा. न्यूयॉर्क राज्याने १९१५ मध्ये कायदा करून, फसविण्याच्या हेतूने अकोशेर मांस कोशेर म्हणून विकणे हा गुन्हा ठरविला. १९२२ मध्ये दोन्ही प्रकारचे मांस विकणाऱ्यांवर तशी पाटी लावण्याचे बंधन घातले. कायद्याची कसोटी होती कर्मठ हिब्रू धर्मनियमांची. व्यापाऱ्यांनी आक्षेप घेतला, की ‘कोशेर’ हा शब्दच अनिश्चित आहे. त्यावर रब्बींचेही एकमत नाही. १९२५ मध्ये ‘हायग्रेड प्रोव्हिजन कंपनी विरुद्ध शर्मन’ ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. व्यवहारात त्या शब्दाचा अर्थ पुरेसा निश्चित आहे, आणि गुन्ह्यास फसवणुकीचा हेतू आवश्यक आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अर्थनिश्चिती कोशावर न सोपविता शब्द वापरणाऱ्यांच्या व्यवहारावर सोपविणारा हा निर्णय भाषाभ्यासकांच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

व्यवहार मात्र स्थिर नव्हता. नव्या पिढीस चव हवी होती, बंधन नको होते. त्यांच्यासाठी ‘कोशेर-स्टाइल’ ही संज्ञा रूढ झाली. १८८८ हे स्थापनावर्ष सांगणारे ‘कॅट्झ’ हे विख्यात डेलिकॅटेसन त्याच प्रकारात मोडते. ते कोशेर नाही. येथे धर्मवाचक शब्द पाकशैलीचा वाचक झाला. उलट दिशेनेही अर्थ सरकला. ‘ग्लाट’ म्हणजे ‘गुळगुळीत’; ज्या पशूच्या फुफ्फुसावर चिकटलेले पापुद्रे नाहीत त्याचे मांस. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या हंगेरियन हसिदी लोकांनी ह्या कसोटीचा आग्रह धरला, आणि पुढे ‘ग्लाट’ म्हणजे ‘अधिक कडक’ असा अर्थ होऊन, फुफ्फुसाशी काही संबंध नसलेल्या पदार्थांसही तो लागला. एक शब्द सैल झाला की कर्मठांस दुसरा, घट्ट शब्द शोधावा लागतो.

तिसरा उपाय चिन्हाचा. कर्मठ सभास्थानांच्या संघाने १९२० नंतरच्या दशकात हाइन्झ कंपनीच्या डबाबंद अन्नास प्रमाणपत्र दिले. वर्तुळातील ‘यू’ हे अक्षर त्याची खूण झाली. उपाहारगृहांतही प्रमाणपत्र देणारी संस्था आणि तिचा देखरेख करणारा ‘मश्गिआख’ ह्यांचे महत्त्व वाढले. २००० मध्ये संघीय न्यायालयाने राज्याचे कोशेरविषयक कायदे घटनाबाह्य ठरविले, आणि २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. धर्मातील एका पंथाची व्याख्या राज्याने अंगीकारणे म्हणजे धर्मसंस्था आणि राज्यसंस्था ह्यांचे मिश्रण होय, हे त्याचे कारण. २००४ च्या नव्या कायद्याने राज्याचे काम मर्यादित केले : अन्न कोशेर आहे काय, हे राज्य ठरवीत नाही, ते कोणी ठरविले, हे विक्रेत्याने उघड करावे, एवढेच ते पाहते.

लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील काही भारतीय शाकाहारी उपाहारगृहांनी कोशेर प्रमाणपत्रे घेतली, ही घटना ह्या संदर्भात बोलकी आहे. शाकाहार म्हणजे आपोआप कोशेर, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु पालेभाजीत कीड नसावी, चीज प्राणिज विरजणाचे नसावे, काही पदार्थांच्या चुलीचा अग्नी यहुद्याने पेटवावा, हे पाहणारा कोणी तरी लागतोच. अन्न निर्दोष असणे आणि ते निर्दोष असल्याचे दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. जेकब जोसेफ ह्यांच्या शिशाच्या लेबलापासून वर्तुळातील अक्षरापर्यंतचा प्रवास हा ह्या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास होय. परिचय, धर्मपीठ, राज्य आणि संस्था ह्यांनी आळीपाळीने शब्दाची हमी घेतली. पण १९०२ च्या गृहिणींनी दाखविल्याप्रमाणे, शेवटी ती हमी मान्य करणे किंवा नाकारणे हे खाणाऱ्याच्याच हाती राहिले.