वाटीचे माप

मराठी पाकपुस्तकांमुळे स्वयंपाकातला अंदाज संपला, अशी तक्रार अजूनही ऐकू येते. मला ती पटत नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 चे. म्हणजे छापील कृतींना मोठी परंपरा आहे. तरी कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले आणि घरोघर पोचले, ते वाटी-चमच्याच्या मापामुळे. नोकरीच्या गावी, सासू-आईपासून दूर नवा संसार मांडणाऱ्या मुलीला तराजू नव्हे, हाताशी असलेले भांडे हवे होते. प्रत्येकीची वाटी वेगळी, मग माप कसले, असा आक्षेप येतो. पण मोदकाच्या उकडीला वाटीभर पिठीला वाटीभर पाणी लागते. वाटी लहान-मोठी झाली तरी प्रमाण ढळत नाही. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडे कमी करायचे, ते मात्र उकड मळणाऱ्या हातालाच कळते. पुस्तकाने अंदाज पुसला नाही, त्याला सुरुवात करून दिली.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ही पुस्तके बहुतांशी पांढरपेशा उच्चवर्णीय घरांची होती, बाकीच्या चुली त्यांत आल्याच नाहीत. मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या खाद्यपरंपरेवरचे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आले. नव्या पुस्तकांत आधी कोणते घ्यावे असे कुणी विचारले, तर मी हेच सुचवीन. ‘रुचिरा’शेजारी ते ठेवल्याशिवाय मराठी स्वयंपाकाचा इतिहास अर्धाच राहतो.