गादी, गोऱ्या सुना आणि माईची सही

होळकरांच्या घरात एकंदर चार अमेरिकन सुना आल्या. चौघींबद्दल आमच्या माईचं पक्कं मत होतं, आणि चौघींपैकी एकीशीही तिचं आयुष्यात बोलणं झालेलं नव्हतं.

माई म्हणजे माझ्या वडिलांची आई. माहेर महेश्वरचं, सासर इंदूरचं. तिची मराठी आम्हा पुण्यात वाढलेल्या नातवंडांना ऐकायला मजेशीर वाटायची. ती "काय करून राहिली गं?" असं विचारायची, आणि सकाळी पोह्यांवर शेव नसेल तर तो पदार्थ पोहे म्हणून धरायचीच नाही. तिचे काका इंदूरला दरबारच्या कोठीत होते. डाळ-तांदूळ, तूप, गूळ यांचा हिशेब त्यांच्याकडे. त्यामुळे राजघराण्यातल्या बातम्या आमच्याकडे आल्या त्या सगळ्या कोठीच्या दारातून. त्यांत खरं किती आणि काकांनी घातलेला मीठमसाला किती, हे आता कोण सांगणार?

पहिली सून नॅन्सी मिलर, सिएटलची. १९२८ च्या मार्चमध्ये तिचं लग्न तुकोजीराव होळकरांशी झालं, नर्मदाकाठी बडवाहला. त्याआधी नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली आणि नॅन्सीची शर्मिष्ठादेवी झाली. एका धनगर घराण्याने तिला दत्तक घेतलं, म्हणजे सिएटलची मुलगी आणि होळकरांचे महाराज यांचं लग्न अगदी जातीतल्या जातीत लागलं! माई तेव्हा अकरा-बारा वर्षांची, परकर नेसणारी. काका लग्नाच्या सामानाबरोबर इंदूरहून रेल्वेने बडवाहला गेले आणि तिथून दोन दिवस महेश्वरला घरी आले, ते वाटेतल्या कालाकुंड स्टेशनवरचा कलाकंद घेऊन. माईला त्या लग्नातलं सगळ्यात नीट आठवायचं ते हेच, पळसाच्या पानात बांधलेला कलाकंद. आणि घाटावरच्या बायकांचा प्रश्न, की ही गोरी बाई लुगडं सावरणार कशी?

तिनं सावरलं. साडी, कुंकू, सगळं सावरलं. नवरा तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा. तिचा जन्म १९०७ चा आणि सावत्र मुलाचा, यशवंतरावांचा, १९०८ चा. "पोरापेक्षा एका वर्षाने मोठी आई," माई बोटं मोडत म्हणायची, "तिनं त्याला काय हाक मारली असेल गं?" ही चिंता तिला ऐंशीव्या वर्षापर्यंत पुरली.

पण हे लग्न झालं तेव्हा तुकोजीराव गादीवर नव्हते. ते का नव्हते, ही गोष्ट माई पुरुषांसमोर काढत नसे. दुपारी तांदूळ निवडताना, आवाज खाली आणून सांगायची. १९२५ च्या जानेवारीत मुंबईला मलबार हिलवर अब्दुल कादर बावला नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. तो गोळी लागून मेला. शेजारी बसलेल्या मुमताजच्या तोंडावर वार झाले. तिकडून चाललेल्या गोऱ्या अफसरांनी, गोल्फच्या काठीनिशी, हल्लेखोरांना रोखलं म्हणून ती वाचली. मुमताज इंदूर दरबारातून निघून आलेली बाई, आणि तिला परत नेण्यासाठी हा सगळा बेत होता. खटला देशभर गाजला. एका आरोपीची बाजू बॅरिस्टर जीनांनी मांडली. तुकोजीरावांवर काही शाबीत झालं नाही, पण चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा, असं इंग्रजांनी म्हटल्यावर त्यांनी १९२६ मध्ये मुलाच्या नावे गादी सोडली.

या खटल्याबद्दल पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले, आणि सगळ्यांना त्यात मोटारी, पिस्तुलं नि महाराज दिसले. माईला वेगळंच दिसायचं. मुमताजने कोर्टात सांगितलं होतं की इंदूरला तिला मुलगी झाली, आणि ती नर्सांनी मारली. त्यानंतर तिला तिथं राहावंसं वाटेना. "आई झालेली बाई आपल्या मेलेल्या लेकराबद्दल भर कोर्टात खोटं कशाला सांगेल?" माई म्हणायची. "राज्य गेलं ते कोणापायी, तर त्या पोरीपायी. बावल्यापायी नाही." मी हा हिशेब कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. मला तो पटतो.

शर्मिष्ठादेवींना पुढे चार मुली झाल्या. चौघी मुली, त्यामुळे गादीच्या दृष्टीने कोणाच्या कपाळावर आठी आली नाही. कोठीतून तेव्हा प्रत्येक बारशाला साखर वाटली गेली, असं काकांचं म्हणणं. माई म्हणे, पहिल्या दोन वेळा वाटली, नंतर काका थापा मारत.

आता एक आडवळण, पण ते घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. होळकर धनगर. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नांना कायदेशीर मान्यता दिली आणि तुकोजीरावांना साथीला घेऊन मराठा-धनगर लग्नं जुळवायला सुरुवात केली. अशी शंभर लग्नं लावायचा त्यांचा बेत होता. सुरुवात घरातूनच, म्हणून कागलकर घाटगे घराण्यातली आपली चुलत बहीण त्यांनी यशवंतरावांसाठी नक्की केली. लग्न व्हायच्या आत शाहू महाराज गेले, पण शब्द पाळला गेला. याच संयोगिताराजे. माई मराठा घरची, त्यामुळे या सुनेबद्दल तिच्या मनात माहेरपणाचा अभिमान. इंदूरच्या माणिकबाग महालाची, जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसने बांधलेल्या त्या नव्या धाटणीच्या घराची, ही मालकीण. युरोपातल्या एका नामांकित चित्रकाराने तिची चित्रं काढली. १९३७ मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये गेली तेव्हा वय पंचविशीच्याही आत, आणि मागे चार वर्षांचीही न झालेली लेक, उषा.

"आईविना पोर, मग ती राजाची असो की भिकाऱ्याची," एवढं म्हणून माई थांबायची, कारण ती स्वतः तशीच वाढलेली.

यशवंतरावांनी पुढे दोनदा लग्न केलं, दोन्ही वेळा अमेरिकन बायकांशी. त्यांपैकी युफेमिया क्रेन यांना १९४४ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव रिचर्ड, आणि शिवाजीरावही. होळकरांच्या गादीला इतक्या वर्षांनी मुलगा! पण आई गोरी. संस्थानांमध्ये वारसाची आई परदेशी असणं इंग्रजांना खपत नसे, आणि इंग्रज गेले तरी ती सवय काही गेली नाही. यशवंतराव १९६१ च्या डिसेंबरात वारले. संस्थान कधीच विलीन झालेलं, उरला होता तो मान आणि तनखा. सतरा वर्षांच्या मुलाला बाजूला ठेवून भारत सरकारने वारस म्हणून उषाराजेंना मान्यता दिली.

इंदुरात तेव्हा कौतुकाचा पूर आला म्हणे. अहिल्याबाईंनंतर पुन्हा बाई! आमच्या घरातही पेढे आले. माईने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "लेक म्हणून नाही दिली गादी. भावाची आई गोरी निघाली म्हणून दिली. पोरगा त्याच घरचा नं? मग आईचा रंग मध्ये कुठून आला?" आजोबांनी तिला गप्प बसवलं. सत्तर सालानंतर मी तिच्याकडून ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या पेढ्यांचा राग तिच्या आवाजात अजून शिल्लक होता.

का शिल्लक होता, ते मला फार उशिरा समजलं. त्याच हिवाळ्यात, किंवा पुढच्या, माईला महेश्वरहून बोलावणं आलं होतं. तिचे वडील वारले होते. दिवसकार्य झालं, आणि भावांनी एक कागद पुढे ठेवला: हक्कसोडपत्र. १९५६ च्या कायद्याने मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत वारसा दिला होता. माईला ते माहीत होतं, कारण आजोबा रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. सगळ्यांनी जेवताना खीर-पुरी आग्रहाने वाढली. वहिनीने डोळ्यांत पाणी आणून "माहेर तुटू देऊ नका" म्हटलं. माईने सही केली. निघताना तिला ओटी भरून महेश्वरी साडी दिली, काठाला किल्ल्याच्या भिंतीवरची वेलबुट्टी असलेली. साडी चांगली होती, हे माईने कधीही नाकारलं नाही. नेसली मात्र नाही.

चौथी सून सॅली, रिचर्डची बायको. १९७८-७९ च्या सुमारास ही दोघं महेश्वरच्या किल्ल्यात राहायला आली, आणि बुडत चाललेल्या महेश्वरी विणकामासाठी त्यांनी 'रेहवा' संस्था काढली. मागांवर बायका बसवल्या. हे विणकाम महेश्वरात आणून वसवलं ते अहिल्याबाईंनी. नवरा, सासरा, मग एकुलता एक मुलगा गेल्यावर, १७६७ पासून राज्य सांभाळणारी ती बाई. बाहेरच्यांना तिचा दरारा वाटे, पण विधवा झालेली लेक मुक्ताबाई सती निघाली तेव्हा आईला तिला थांबवता आलं नाही. माई ही गोष्ट सांगताना देवघराकडे हात जोडायची आणि म्हणायची, "तिचंही लेकीपुढे चाललं नाही बघ."

माईच्या चुलत घराण्यातली एक मुलगी 'रेहवा'त लागली. पहिल्या पगारातून तिनं माईला शंभर रुपये पाठवले, तेव्हा माईने सॅलीबद्दलचं मत बदललं. आधी ते फार चांगलं नव्हतं. "हिनं नातं मागितलं नाही, काम दिलं," असं ती म्हणाली. माई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सॅली होळकरांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला आधी तिचीच आठवण आली.

२००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि तरीही आमच्या नात्यात गेल्या पाच-सहा वर्षांत दोघीतिघींनी हक्कसोड करून दिलं. ओटी, साडी, खीर-पुरी, सगळं तसंच. तुमच्या घरी कोणी आजी, आत्या, मावशी असेल तर तिला एकदा जवळ बसून विचारा, की तिनं कोणत्या कागदावर सही केली होती, आणि तेव्हा तिला कोणी तो वाचून दाखवला होता का.