७४,३३३ बाद मते आणि आजचे ईव्हीएम

ईव्हीएमवर शंका घेणे म्हणजे संविधानिक संस्थांवर अविश्वास दाखवणे, असे हल्ली सर्रास ऐकवले जाते. हरलात म्हणून यंत्राला दोष देता, हा दुसरा टोमणा. हे दोन्ही ऐकवणारे लोक वर बाबासाहेबांच्या संविधानाची शपथही घालतात. म्हणून आम्ही सुरुवात बाबासाहेबांपासूनच करतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत ज्या उमेदवारांनी निकालाला रीतसर आव्हान दिले, त्यांत संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतः होते.

१९५२ साली बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबई मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे होते. हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. तशी दिली तर जास्तीचे मत बाद. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते घेऊन निवडून आले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. फरक १४,५६१ मतांचा. बाद ठरवून न मोजलेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३, म्हणजे पराभवाच्या फरकाच्या पाचपटीहून अधिक.

बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवर हरलेले समाजवादी नेते अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. दुसरे मत वाया घालवा, असा पद्धतशीर प्रचार कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या साथीदारांनी केला, हा अर्जातला मुख्य आरोप होता. निकाल रद्द करावा, ही मागणी होती. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. ती ७४ हजार मते बाबासाहेबांचीच होती असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी "निवडणूक चोरली" एवढेच म्हणून विषय सोडला नाही. त्यांच्या हातात एक आकडा होता. किती मतपत्रिका बाद झाल्या हे सांगता येत होते, कारण त्या कागदाच्या होत्या, मोजलेल्या होत्या आणि जपून ठेवलेल्या होत्या. आज ईव्हीएमविषयी आम्ही जो प्रश्न विचारतो, तो नेमका एवढाच आहे. उद्या वस्तीतल्या एखाद्या उमेदवाराला असाच अर्ज करायचा झाला, तर त्याच्या हातात काय असेल?

मताचा हक्क आपल्याला कुणी सहज दिलेला नाही, हे नव्या पिढीला पुन्हा सांगायला हवे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब २७ वर्षांचे होते. मालमत्ता, शेतसारा आणि शिक्षणाच्या अटी लावल्या तर अस्पृश्य समाज मतदार यादीच्या बाहेरच राहणार, हे त्यांना तेव्हाच दिसत होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाचे कलम ३२६ हे त्या तीस वर्षांच्या भांडणाचे फळ आहे.

मताधिकार कागदावर मिळाला तरी तो यादीत आणि मोजणीत मारला जाऊ शकतो, याची जाणीवही बाबासाहेबांना होती. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत निवडणूक आयोगाचे कलम मांडताना त्यांनी मूळ मसुदा बदलला. आधी प्रत्येक प्रांतासाठी वेगळा आयोग असणार होता. त्याऐवजी सगळ्या देशासाठी एकच केंद्रीय आयोग आला. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले होते. काही प्रांतांत वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या संस्कृतीच्या लोकांना मतदार यादीतून वगळण्याचे प्रकार कानावर आले होते. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत त्यांनी आणखी एक धोका मान्य केला. सरकारच्या मुठीतला माणूस आयुक्तपदी नेमला जाऊ नये, यासाठी संविधानात पुरेशी तरतूद नाही. हा धोका जुना झाला असे समजू नका. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांना बसवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा करून त्यांच्या जागी एक केंद्रीय मंत्री बसवला. तिघांच्या समितीत दोघे सरकारचे.

यादीचा प्रश्नही तसाच. पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. त्यांची नोंद अमक्याची बायको, तमक्याची आई अशी होती आणि स्वतःचे नाव सांगितलेले नव्हते. २०२५ साली बिहारमध्ये विशेष सखोल फेरतपासणीनंतर प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. ही नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले. ईव्हीएमवर रात्रभर वाद घालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना आम्ही विचारतो, आपल्या वस्तीची यादी तुम्ही शेवटची कधी वाचली?

आता यंत्राकडे येऊ. कागदाचे दिवस सोन्याचे होते, असे आम्ही मानत नाही. बूथ बळकावण्याची पहिली ठळक घटना म्हणून १९५७ सालच्या बिहारमधल्या बेगुसराय जिल्ह्यातील रचियाहीचे नाव घेतले जाते. पुढे हा प्रकार इतका वाढला की १९८९ साली बूथ बळकावण्याविरुद्ध कायद्यात स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या. लाठ्या घेऊन केंद्रावर उभी राहणारी माणसे कुणाची होती आणि "तुमचे मत पडले, घरी जा" हे कुणाला ऐकावे लागत होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मतपत्रिकांचे गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबता येतात. ईव्हीएममध्ये मिनिटाला चार-पाचपेक्षा जास्त मते पडतच नाहीत, आणि केंद्राध्यक्षाने कंट्रोल युनिटचे बटण दाबून यंत्र बंद केले की पुढचे मत नोंदवले जात नाही. बाद मतांचा प्रश्नही यंत्राने संपवला. हे मान्य करायला आम्हाला काही अडचण नाही.

पण यंत्र आले कसे, तेही पाहा. १९ मे १९८२ रोजी केरळच्या परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्र वापरले गेले. कम्युनिस्ट पक्षाचे शिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले आणि हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. कायद्यात आणि नियमांत मतपत्रिकाच सांगितलेली असताना आयोगाने स्वतःच्या अधिकारात यंत्र आणलेच कसे, हा मुद्दा होता. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरचे यंत्राचे मतदान रद्द केले आणि मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायला लावले. त्यात जोस निवडून आले. म्हणजे या देशात ईव्हीएमने झालेली पहिलीच निवडणूक न्यायालयाने उलटवली. तिथे यंत्रात घोटाळा सिद्ध झाला नव्हता, आयोगाला तसा अधिकारच नव्हता. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ घालून यंत्राला मान्यता दिली गेली. १९९८ साली मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्र आले, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सगळ्या ५४३ मतदारसंघांत यंत्रावर झाली.

२००४ पासून जवळपास दहा वर्षे कागद पूर्णपणे गायब होता, हे आता अनेकांच्या लक्षातही नाही. बटण दाबले, दिवा लागला, बीप वाजली, संपले. मत कुणाला नोंदले गेले हे यंत्राला ठाऊक. २०१० साली हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी अमेरिकेचे जे. ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंगराइप यांच्यासोबत एका खऱ्या ईव्हीएमवर प्रयोग करून दाखवला. निकाल दाखवणारी पाटी बदलून मोबाइलवरून आकडे फिरवता येतात, आणि मतदान ते मोजणी या मधल्या काळात छोटे उपकरण चिकटवून आतली मते बदलता येतात, असे त्यांनी मांडले. आयोगाचे उत्तर होते की यंत्र हातात आल्याशिवाय हे शक्य नाही, आणि ते सीलबंद पहाऱ्यात असते. पण प्रयोगाचे ते यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून बाहेर आलेले होते, आणि त्याच्या चोरीच्या आरोपाखाली ऑगस्ट २०१० मध्ये हरी प्रसाद यांना अटक झाली. यंत्राला हात लावणे अशक्य असेल तर ते बाहेर गेले कसे, या प्रश्नापेक्षा ते दाखवणारा माणूस तुरुंगात घालणे व्यवस्थेला सोपे वाटले.

तरीही रेटा वाढला आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी नोंद ही मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीची अत्यावश्यक गरज असल्याचे म्हटले. त्यातून व्हीव्हीपॅट आले. चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. पण ती मोजायची किती? आधी विधानसभा मतदारसंघात एका केंद्राची, मग एप्रिल २०१९ च्या आदेशानंतर पाच केंद्रांची. एका मतदारसंघात दोन-अडीचशेपासून चारशेपर्यंत केंद्रे असतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने नाकारली. आतापर्यंत चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या जुळवल्या गेल्या आणि निकाल बदलेल अशी तफावत आढळली नाही, हे त्या निकालपत्रात आहे आणि ते आपण लपवू नये. पण चिठ्ठी छापली आहे, पेटीत आहे, तर ती मोजायला नकार कशासाठी? वेळ लागेल, हे कारण. पहिल्या निवडणुकीला चार महिने लागले होते, देश बुडाला नाही.

जर्मनीच्या संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. २००५ च्या तिथल्या निवडणुकीत नेडॅप कंपनीची यंत्रे वापरली होती. त्यांत फेरफार झाल्याचे कुणी सिद्ध केले नव्हते. तरीही न्यायालयाने तो वापर असंविधानिक ठरवला. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, असे न्यायालय म्हणाले. आपल्याकडे नेमके उलटे चालते. "हॅक करून दाखवा" असे मतदारालाच सांगितले जाते. निवडणूक खरी होती हे दाखवण्याची जबाबदारी ती घेणाऱ्याची असते, मत देणाऱ्याची नाही.

व्हीव्हीपॅटवर चुकीचे चिन्ह दिसले तर मतदाराने काय करायचे, हे नियम ४९-एमए सांगतो. लेखी निवेदन द्यायचे आणि सगळ्यांसमोर चाचणी मत टाकायचे. त्या चाचणीत चूक दिसली नाही, तर खोटी माहिती दिली म्हणून मतदारावरच कारवाई होऊ शकते. गावातली एकटी मजूर बाई हे धाडस करील का? आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर अभिरूप मतदान घ्यायचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावली आणि पोलिसांनी गुन्हे दाखल केले. गावाने निवडणूक उलटवायला घेतली नव्हती. मतदारसंघातला त्यांचा उमेदवार तर जिंकलेलाच होता. आपल्या गावाचा आकडा त्यांना पटत नव्हता, एवढेच.

आणखी एका गोष्टीची चर्चा आपल्यात फार कमी होते, आणि आम्हाला ती सगळ्यात जवळची वाटते. यंत्रागणिक मोजणी झाल्यामुळे कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली ते जाहीर होते. बौद्धवाड्याचे केंद्र वेगळे असेल तर वाड्याने कुणाला मत दिले ते दुसऱ्या दिवशी गावाला कळते. मग पाण्याचा टँकर कुणाकडे वळतो, शेतावर कामाला कुणाला बोलावले जात नाही, हे सांगायला नको. मतपत्रिकांच्या काळात दहशतीची शक्यता असेल तिथे गठ्ठे मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रांसाठी तेच काम करणारे टोटलायझर आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, आणि केंद्र सरकारने विरोध केला. गुप्त मतदान हा आपल्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे. पण ईव्हीएमविरोधी मोर्च्यांत टोटलायझरची मागणी आम्हाला क्वचितच ऐकू येते.

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे सरपंचपदाची निवडणूक झाली आणि एका केंद्राच्या आकड्यांवरून वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ साली न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून स्वतःच्या आवारात पुन्हा मोजायला लावली, आणि निकाल उलटला. हरलेला उमेदवार ५१ मतांनी सरपंच झाला. यंत्रातला आकडा तोच होता, माणसांनी तो चुकीच्या नावापुढे मांडला होता. म्हणूनच मतदान संपल्यावर मिळणारा नमुना १७-सी हातात न घेता केंद्रावरून उठणारा प्रतिनिधी आमच्या दृष्टीने अर्धी लढाई तिथेच सोडून येतो. त्या कागदावर एकूण पडलेल्या मतांचा आकडा असतो आणि मोजणीच्या टेबलावर तो जुळवता येतो. सील क्रमांक, सकाळचे अभिरूप मतदान आणि ती मते नंतर पुसली की नाही, हेही प्रतिनिधीनेच पाहायचे असते. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ न्यायाधीश पाहत नाहीत, १७-सी पाहतात.

आपला कार्यकर्ता जिथे खऱ्या अर्थाने उभा राहतो, त्या ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या निवडणुकांत मात्र महाराष्ट्रात व्हीव्हीपॅटच लावले जात नाही. तिथे पाच केंद्रांच्या चिठ्ठ्यासुद्धा नाहीत. लोकसभा-विधानसभेतही वाट अरुंद होत चालली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून मतदान केंद्रांचे सीसीटीव्ही चित्रण जनतेला मिळण्याचा मार्ग बंद केला, आणि मे २०२५ मध्ये आयोगाने सूचना काढली की याचिका दाखल झाली नसेल तर ते चित्रण निकालानंतर ४५ दिवसांनी नष्ट करावे. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करण्याची मुदतही ४५ दिवसांचीच आहे. तेवढ्या दिवसांत, चित्रण न पाहता, उमेदवाराने आपला ७४,३३३ चा आकडा शोधायचा आहे.