गुडवाइफ बिशप कोणती? न्यू इंग्लंडच्या वंशावळींतील नामसादृश्याचा घोटाळा

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे असल्यामुळे एकाच घराण्याच्या चार पिढ्यांत दोन रामचंद्र आणि दोन विठ्ठल सापडणे हे नित्याचेच आहे. देवस्थानाच्या महाजनकीचा किंवा जुन्या वतनाचा वाद निघाला म्हणजे कागदावरची सही थोरल्या विठ्ठलाची की धाकट्याची, ह्यावर सारे प्रकरण येऊन ठेपते. ज्यांनी असे वाद जवळून पाहिले आहेत त्यांस अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटन घराण्यांची ही हकीकत परकी वाटणार नाही.

इंग्लंडातील धर्मव्यवस्थेला विटून प्युरिटन मंडळी सतराव्या शतकात अटलांटिकपार गेली. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून प्लिमथ येथे उतरलेले लोक काटेकोरपणे बोलायचे तर ‘विभक्तवादी’ होत. प्रस्थापित चर्चशी त्यांनी संबंधच तोडला होता. मॅसॅच्युसेट्सची मोठी वसाहत १६३० साली उभी राहिली आणि १६४० पर्यंत सुमारे वीस हजार माणसे त्या किनाऱ्यावर येऊन पोहोचली. ह्या लोकांस लिहिण्याची मोठी हौस. गावोगावच्या दप्तरांत जन्म, विवाह, मृत्यू, जमिनींचे व्यवहार आणि शेजाऱ्यांची भांडणे ह्यांच्या नोंदी शिल्लक राहिल्या. पुढे त्यांच्या वंशजांस कुलाभिमानाची जाग आली. बॉस्टन येथे वंशेतिहासाची संस्था १८४५ साली निघाली, आणि जेम्स सॅव्हेज ह्यांनी १८६० ते १८६२ ह्या काळात पहिल्या वसाहतवाल्यांचा चार खंडांचा कोशच सिद्ध केला. पैसे घेऊन बनावट वंशावळी रचून देणारे गुस्ताव्ह आंझू ह्यांच्यासारखे गृहस्थही ह्याच व्यवसायात निपजले. परंतु लबाडी एकदा उघडी पडली की तिचा निकाल लागतो. प्रामाणिक माणसाच्या हातून झालेली चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते, आणि आम्हांस येथे तिच्याविषयीच लिहावयाचे आहे.

चुकीची कारणे समजण्यास सोपी आहेत. नावे मोजकीच: जॉन, विल्यम, एडवर्ड, मेरी, सेअरा. त्यांतून एका गावात एकाच नावाचे दोघे असले की दप्तरात एकास ‘सीनियर’ आणि दुसऱ्यास ‘ज्युनियर’ लिहीत. आजचा वाचक त्यांना बापलेक समजतो. त्या काळी मात्र तो भेद केवळ वयाचा असे, आणि ते दोघे चुलतापुतणे किंवा एकमेकांचे कोणीही नसलेले असू शकत. आपण थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणतो, म्हणून कोणी त्यांस पितापुत्र ठरवील काय? तसेच ‘कझिन’ हा शब्द पुतण्या, भाचा अशा कोणत्याही आप्ताला चाले, आणि ‘इन-लॉ’ हे पद सावत्र नात्यासही लावीत.

दुसरा सापळा कालगणनेचा. इंग्लंड व तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. आपला शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखांना इसवी सनातून ७८ वजा करावयाचे की ७९, हे आपल्या संशोधकांस नेहमी पाहावे लागते. तोच प्रकार तेथे आहे. मेफ्लॉवरवरील विल्यम व्हाइट आजच्या गणनेने २१ फेब्रुवारी १६२१ रोजी वारला. त्याची विधवा सुझॅना हिने त्याच वर्षी १२ मे रोजी एडवर्ड विन्स्लो ह्याच्याशी लग्न केले. विन्स्लोची पहिली पत्नी २४ मार्चला गेली होती. जुन्या हिशेबाने पाहिले तर पहिले दोन्ही मृत्यू १६२० सालचे आणि लग्न तेवढे १६२१ चे. ज्यास ही पद्धत ठाऊक नाही तो मधल्या तीन महिन्यांचे सव्वा वर्ष करील. इतकेच नव्हे, तर नोव्हेंबर १६२० मध्ये तेथे पोहोचलेल्या माणसास त्याच्या नऊ महिने आधी मारून ठेवील.

ह्याच सुझॅनाची गोष्ट पुढे सांगण्यासारखी आहे. ती कोणाची मुलगी? हॉलंडमधील लायडन शहरात ही मंडळी काही वर्षे राहिली होती. तेथील दप्तरात १६१२ साली विल्यम व्हाइट नावाच्या लोकर विंचरणाऱ्याने अ‍ॅना फुलर हिच्याशी लग्न केल्याची नोंद आहे. वराचे नाव जुळले, ‘अ‍ॅना’ हा ‘सुझॅना’चाच तुकडा असावा, अशी सोयीस्कर कल्पना करून घेतली गेली, आणि सुझॅना ही मेफ्लॉवरवरील वैद्य सॅम्युएल फुलर ह्याची बहीण ठरली. मात्र लायडनमध्ये विल्यम व्हाइट एकच नव्हता. शिवाय एडवर्ड विन्स्लोचे १६२३ चे एक पत्र उपलब्ध झाले. ते रॉबर्ट जॅक्सन ह्यास ‘काका’ असे संबोधून लिहिलेले आहे, आणि आपल्या सासऱ्यास व्हाइटच्या मृत्यूची व ह्या नव्या विवाहाची वार्ता आपण पूर्वीच कळविली होती, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सासरा हयात, तो इंग्लंडात, आणि त्याचे आप्त जॅक्सन. अखेर २०१७ साली सू अ‍ॅलन, कॅलेब जॉन्सन व सायमन नील ह्यांनी इंग्लंडमधील कागद तपासून ती स्क्रूबी गावच्या रिचर्ड जॅक्सनची कन्या असल्याचे दाखवून दिले. स्क्रूबी म्हणजे ह्या विभक्तवाद्यांच्या पहिल्या मेळाव्याचे ठिकाण. तेव्हा हे माहेर तिला शोभूनही दिसते.

त्याच जहाजावरील स्टीफन हॉपकिन्स ह्याचीही अशीच दुसऱ्या कुळात वर्णी लागली होती. तो ग्लॉस्टरशायरचा आणि त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, असे पुष्कळ ठिकाणी छापले गेले. १९९८ साली कॅलेब जॉन्सन ह्यांनी हॅम्पशायरमधील हर्स्ली गावच्या चर्चच्या नोंदवहीत एलिझाबेथ, कॉन्स्टन्स व जाइल्स ही तीन मुले शोधून काढली. पैकी कॉन्स्टन्स आणि जाइल्स पुढे बापाबरोबर मेफ्लॉवरवर होती. त्यांच्या आईचे नाव मेरी. ती १६१३ साली निवर्तली. तिच्या मालमत्तेच्या कागदात नवरा जिवंत असूनही तिला विधवा म्हटले आहे. १६०९ साली व्हर्जिनियाकडे निघालेले ‘सी व्हेंचर’ जहाज बर्म्युडाजवळ फुटले, त्यावर एक स्टीफन हॉपकिन्स होता. तो हाच असेल, तर चार वर्षे परत न आलेल्या माणसाच्या बायकोस गावाने विधवा म्हणावे ह्यात नवल ते काय?

एवढ्यावर हा प्रकार थांबता तर त्यास विद्वानांचा विरंगुळा म्हणून सोडून देता आले असते. सेलमचे प्रकरण तसे नाही.

सेलम येथे १६९२ साली चेटुकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांस फाशी दिले आणि जाइल्स कोरी ह्या वृद्धास दगडांखाली दडपून मारले. त्यांत सर्वांत पहिला बळी ब्रिजेट बिशप हिचा. १० जून रोजी तिला फाशी झाली. तिचे जे चित्र पुढील ग्रंथांतून रंगविले गेले ते असे: लाल काचोळी घालणारी, रस्त्याकाठी मद्याचा गुत्ता चालविणारी, रात्री अपरात्री तरुणांस खेळात रमविणारी, प्युरिटनांच्या डोळ्यांत खुपणारी बेदरकार बाई. चार्ल्स अपहॅम ह्यांनी १८६७ साली सेलमच्या चेटुकाविषयी जे द्विखंडी पुस्तक लिहिले त्याच्या वजनामुळे हे चित्र पक्के झाले. शंभराहून अधिक वर्षे ते कोणी हलविले नाही.

ह्या चित्रात दोन बायका होत्या. डेव्हिड ग्रीन ह्या संशोधकाने १९८१ साली ‘द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ ह्या त्रैमासिकात त्या वेगळ्या करून दाखविल्या. त्यांचे काम कोणत्याही नव्या गुप्त कागदावर आधारलेले नव्हते. जुनेच कागद नीट वाचले एवढेच. आम्हांस ह्या लेखाचे महत्त्व वाटते ते ह्यासाठी.

सेलम परिसरात एडवर्ड बिशप नावाचे पुरुष एकाहून अधिक होते. ब्रिजेटचा नवरा एडवर्ड हा करवतीने लाकूड चिरण्याचा धंदा करणारा, राहणार सेलम शहर. दुसरा एडवर्ड शेतकरी, राहणार सेलम खेडे, म्हणजे आजचे डॅन्व्हर्स. त्याच्या बायकोचे नाव सेअरा. गुत्ता होता तो ह्या सेअराचा. दोघीही ‘एडवर्ड बिशपची बायको’, आणि त्या काळच्या बोलण्यात दोघीही ‘गुडवाइफ बिशप’ किंवा नुसती ‘गुडी बिशप’. साध्या घरच्या सवाष्णीस हीच उपाधी लावीत; तिचे स्वतःचे नाव उच्चारण्याची गरज कोणास वाटत नसे.

बेव्हर्लीचे धर्मोपदेशक जॉन हेल ह्यांनी दिलेल्या जबानीत गुत्त्याची सारी हकीकत येते. शेजारीण ख्रिश्चन ट्रास्क ही रात्री त्या घरात शिरली, फळीवर चकत्या सरकविण्याचा खेळ चालला होता त्या चकत्या तिने विस्तवात फेकल्या, पुढे तिचे चित्त भ्रमले आणि तिचा भयंकर रीतीने अंत झाला, असे ते सांगतात. पण हेल कोणाविषयी बोलत आहेत? ‘एडवर्ड बिशप ज्युनियर’ ह्याच्या बायकोविषयी. ही जबानी ब्रिजेटच्या कागदांबरोबर ठेवली गेली आणि सेअराचा गुत्ता ब्रिजेटच्या माथी आला. लाल काचोळी मात्र खरोखरच ब्रिजेटची. एका साक्षीदाराने ती वर्णिली आहे. अर्धे सत्य असे मिसळल्यामुळेच ही गफलत इतकी टिकली असावी.

ह्याउलट पुरावा डोळ्यांसमोर होता. ब्रिजेटविषयीच्या अधिकृत कागदांत तिला ‘ब्रिजेट बिशप ऊर्फ ऑलिव्हर, सेलमच्या एडवर्ड बिशप लाकूडचिऱ्याची पत्नी’ म्हटले आहे. दुसऱ्या जोडप्याच्या २१ एप्रिलच्या अटकपत्रात नवऱ्याचा धंदा शेतीचा आणि बायकोचे नाव सेअरा, असे स्वच्छ लिहिले आहे. आणि सर्वांत बोलका पुरावा ब्रिजेटच्या तोंडचा. १९ एप्रिल रोजी तिला सेलम खेड्यात न्यायाधीशांपुढे उभे केले तेव्हा, ह्या माणसांस मी पूर्वी कधी पाहिले नाही आणि ह्या ठिकाणी मी कधी आले नाही, असे तिने सांगितले. तेथे गुत्ता चालविणाऱ्या बाईने असे म्हणणे म्हणजे भर बाजारात आपले दुकान नाकारणे होय. इतिहासकारांनी हे उत्तर आरोपीचा कांगावा समजून सोडून दिले. ते शब्दशः खरे होते.

‘ऊर्फ ऑलिव्हर’ ह्या दोन शब्दांत तिचे पूर्वायुष्य दडलेले आहे. इंग्लंडातील नॉर्विच येथे १६६० साली तिचे लग्न सॅम्युएल वॅसल्बी ह्याच्याशी झाले. त्याच्या मागे तिने १६६६ मध्ये सेलमच्या टॉमस ऑलिव्हरशी विवाह केला. तो १६७९ मध्ये मेला आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चेटुकाचा पहिला आरोप आला. बिशप हा तिसरा नवरा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नावसुद्धा बदलते, त्यामुळे स्त्रीचा माग काढणे किती कठीण असते हे आपल्या कुलवृत्तांतकारांस सांगावयास नको.

सेअरा वाचली. ती व तिचा नवरा बॉस्टनच्या तुरुंगातून निसटून गेली. तिची सावत्र आई सेअरा वाइल्ड्स मात्र १९ जुलै रोजी फाशी गेली. एडवर्ड व सेअरा ह्यांचा वंश भरपूर वाढला, आणि ह्या वंशातल्या कित्येकांनी ब्रिजेटला आपली आजी मानले. वस्तुतः ब्रिजेटला बिशपपासून अपत्य नव्हते. तिची एकच मुलगी ठाऊक आहे, ती ऑलिव्हरची: ख्रिश्चन, जन्म १६६७. तिचे लग्न मेसन घराण्यात झाले आणि आई गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तीही वारली.

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहावा. वसाहतीच्या सरकारने १७११ साली शिक्षा रद्द करण्याचा कायदा केला, तो मुख्यतः आप्तांच्या अर्जांवरून. शेतकरी एडवर्ड बिशपने आपल्या नुकसानीबद्दल १७१० मध्ये अर्ज केला होता. लाकूडचिऱ्याच्या बायकोसाठी कोणी अर्ज केला नाही. त्या कायद्यात ब्रिजेटचे नाव नाही. १९५७ च्या ठरावातही अ‍ॅन प्युडिएटर हिचे तेवढे नाव घालून बाकीच्यांचा उल्लेख ‘इतर’ असा केला. मॅसॅच्युसेट्सने ३१ ऑक्टोबर २००१ रोजी आणखी पाच स्त्रियांची नावे त्यात घातली: सुझॅना मार्टिन, अ‍ॅलिस पार्कर, विल्मॉट रेड, मार्गरेट स्कॉट आणि ब्रिजेट बिशप.