विंचवाचे बिऱ्हाड

फादर स्टीफन्स हे नाव मराठी वाचकांना परके नाही. ज्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले, तेच हे. मूळचे इंग्रज, पण राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पाद्री होण्याची सोय उरली नव्हती. म्हणून ते रोमला जाऊन जेझुइट झाले आणि १५७९ साली गोव्यास आले.

ज्या कायद्यांनी पाद्र्यांना देशाबाहेर घालवले, त्यांनीच मुलांचीही वाट अडवली होती. कॅथलिक शिक्षणासाठी मूल परदेशी धाडणे हा गुन्हा होता. तरी आईबाप मुले चोरून धाडीत. आणि गेलेले मूल पुष्कळदा वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नसे. अशा मुलांसाठी रॉबर्ट पर्सन्स या इंग्रज जेझुइटाने १५९३ साली समुद्रापलीकडे सेंट ओमेर येथे शाळा काढली. ते गाव तेव्हा स्पेनच्या अंमलाखाली होते. आज फ्रान्समध्ये आहे.

पुढे या शाळेचे अगदी विंचवाचे बिऱ्हाड झाले. १७६२ साली पॅरिसच्या न्यायसभेने जेझुइटांवर गदा आणली. शाळा ब्रूजला गेली. १७७३ साली खुद्द पोपनीच जेझुइट संघ विसर्जित केला. शाळा लीएजला हलली. १७९४ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजा येऊन ठेपल्या. तेथूनही निघावे लागले. सुदैवाने १७९१ च्या कायद्याने इंग्लंडात कॅथलिकांवरील बंधने सैल झाली होती. टॉमस वेल्ड या माजी विद्यार्थ्याने लँकशायर परगण्यातील आपला स्टोनीहर्स्टचा वाडा देऊ केला आणि दोनशे एक वर्षांनी शाळा मायदेशी आली.

आम्ही शिक्षक मंडळी इमारत निधीच्या चिंतेत जन्म घालवतो. मग मनात येते, या शाळेने दर वेळी गाव सोडताना बरोबर नेले ते काय? भिंती तर मागेच राहिल्या. मास्तर, मुले आणि उद्याचा पाठ एवढेच पुढे गेले. आणि तेवढ्यावर शाळा तगली. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्यपत्रावर सही करणारे चार्ल्स कॅरल हे सेंट ओमेरचे विद्यार्थी, तर शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल हे स्टोनीहर्स्टचे.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दार बंद झालेल्या मुलांसाठी जी शाळा जन्मली, तिचे स्वतःचे दार मुलींना मात्र शतकानुशतके बंदच होते! वरच्या वर्गात काही मुली आधी येऊ लागल्या होत्या. पण सर्व वर्ग त्यांना खुले झाले ते १९९९ साली. आता तेथे मुले-मुली एकत्र शिकतात. काही वसतिगृहात राहतात, काही रोज घरून येतात.

तीन देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या या शाळेला आपलाच उंबरठा ओलांडायला चारशे सहा वर्षे लागली. राजाज्ञेने बंद झालेले दार साऱ्यांना दिसते. सवयीने बंद राहिलेले दार मात्र भिंतच वाटू लागते. म्हणून प्रत्येक शाळेने अधूनमधून आपल्या भिंती चाचपून पाहाव्यात.