मांडव आणि वेल

‘पेर्गोला’ हा शब्द आज खालापूर-कर्जतकडे घर बांधू पाहणाऱ्यांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो. शब्द मूळचा इटलीतला. लॅटिन भाषेत ‘पेर्गुला’ म्हणजे भिंतीबाहेर काढलेली पडवी; पुढे वेली चढविलेल्या मांडवालाच हे नाव पडले. शब्द परका आहे खरा. पण म्हणून वस्तूही परकी आहे, असे आम्हांस वाटत नाही.

वेलींच्या मंडपाची आपल्या वाङ्मयातील ओळख फार जुनी. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात मालिनी नदीच्या काठी वेतसाने वेढलेल्या लतामंडपात शकुंतला आपल्याला भेटते. पहिल्या अंकात वनज्योत्स्ना नावाची नवमालिका आंब्याला बिलगलेली दिसते, आणि चौथ्या अंकात सासरी निघालेली शकुंतला तिचा निरोप घेते. हा मंडप विश्रांतीचा आणि प्रणयाचा. आपल्या गावांतील मांडव त्याहून निराळा. तो पोटापाण्याचा आहे.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून तो आजही पाहावयास मिळतो. मृगाचा पाऊस झाला की परसात दुधी, कारली, पडवळ, शिराळी, घोसाळी यांच्या बिया टोचतात. मग दुबेळक्याच्या मेढी पुरावयाच्या, त्यांवर बांबूचे वासे टाकावयाचे आणि वर कारवीच्या काठ्या अंथरावयाच्या. सांधे केवणीच्या सालीने आवळले की खिळ्याचे काम उरत नाही. मेढीचे बूड आधी जाळून काळे केले, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. मांडवाची उंची अशी की, उभ्याने फळ तोडता यावे. लोंबणाऱ्या पडवळाच्या टोकाला लहानसा दगड बांधतात, म्हणजे ते वेडेवाकडे न होता सरळ वाढते. नवरात्र सरले की वेली सुकू लागतात; पुढे मांडव मोडतो आणि त्याच्या काठ्या चुलीत जातात.

उन्हाळ्यात दुसरा मांडव पुढच्या अंगणात पडतो. तो सावलीचा आणि लग्नकार्याचा. वर आंब्या-जांभळीचे डहाळे घालतात. पहिली मेढ रोवण्याचा विधी म्हणजे मुहूर्तमेढ, आणि लेक सासरहून पहिल्यांदा माहेरी येते ते मांडवपरतणे. शुभकार्याच्या आरंभाला आपण आजही मुहूर्तमेढच म्हणतो, इतका हा मांडव भाषेत मुरला आहे. सारांश, पावसाळ्यात अन्न देणारा एक आणि उन्हाळ्यात सावली देणारा एक, असे दोन मांडव आपल्याकडे होते, आणि दोन्ही हंगामी होते.

कायमच्या बागेची आवड या भागात रुजली ती बंगल्यांबरोबर. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूर तालुक्यातील चौक येथून माथेरानचा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर तेथे बंगले उभे राहू लागले. 1907 मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. त्या काळात दूरदेशींच्या वेलीही आपल्या बागांत स्थिरावत होत्या. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन याने 1767 मध्ये रिओ-द-जानेरो येथे तिचे नमुने गोळा केले आणि आपल्या जहाजांचा नायक बूगँव्हिल याचे नाव तिला मिळाले. लाल-पांढऱ्या झुबक्यांची मधुमालती ब्रह्मदेशाकडची, म्हणूनच इंग्रजीत तिला रंगूनची वेल म्हणतात. सह्याद्रीच्या रानात आपोआप वाढणारी माधवीलता मात्र आपली. नावे जवळची असल्याने पुष्कळजण या दोहोंत गल्लत करतात.

2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर शहरवासीयांना जवळचे झाले. नव्या घरांच्या अंगणांत आता रेखीव मंडप दिसतात. परंतु त्यांतील कित्येक ऐन वैशाखात उघडेच असतात. याचे कारण सोपे आहे. आधी मंडप उभा राहतो आणि मग वेलीचा विचार होतो. गावाची रीत नेमकी उलट होती. कोणती वेल चढवावयाची हे ठरवून तिच्या जोगा मांडव घातला जाई.

वेली चढण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. चार्ल्स डार्विनने 1865 मध्ये या विषयावर मोठा निबंध लिहिला. कारले, दुधी, कृष्णकमळ तणाव्यांनी धरतात; त्यांना बारीक काठी किंवा तार हवी, जाड खांब त्यांच्या कामाचा नाही. गोकर्ण आणि पावटा आधाराभोवती पिळे घालतात. बोगनवेलीला तणावे नसतात. ती काट्यांच्या आधाराने रेलत जाते, तेव्हा तिला बांधून द्यावे लागते. माधवीलता कालांतराने लाकडासारखी जाड होते. तिचा भार पेलण्यास भक्कम खांबच पाहिजेत. सावलीसाठी गुळवेल लावाल तर फसाल, कारण उन्हाळ्यात तिची पाने गळतात. शिवाय या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भिजलेल्या पानांचे ओझे आणि वारा यांचा हिशेब करूनच खांब रोवले पाहिजेत, आणि वेलीच्या बुंध्याशी पाणी साचू देता कामा नये.

ज्यांना कायमचा मंडप हवा, त्यांनी पश्चिमेच्या बाजूस माधवीलतेसारखी सदाहरित वेल लावावी आणि दुसऱ्या बाजूस कारवीच्या काठ्या बांधून पावसाळ्यात दुधी-कारली चढवावी. म्हणजे एकाच मंडपात दोन्ही मांडवांचे काम होईल.

हे ज्ञान कोणत्या ग्रंथात शोधावयास नको. ते ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांत अजून जिवंत आहे. पुष्कळदा त्याच वाडीतला माणूस नव्या बंगल्यावर माळीकाम करतो. झाडांना पाणी घालावयास त्याला सांगतात. मांडव कसा घालावा, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्याची मुले उद्या कारखान्यात जातील, आणि मग विचारावयाचे म्हटले तरी सांगणारा राहणार नाही. म्हणून मुहूर्तमेढ रोवण्यापूर्वी त्याला विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.