ज्येष्ठ कलावंतांची उत्तरकालीन ध्वनिमुद्रणे : पं. आप्पा जळगावकर यांच्या संवादिनीवादनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कलावंत वृद्ध झाला म्हणजे त्याच्या कलेतील तळमळही ओसरते काय, हा प्रश्न संगीताच्या रसिकांमध्ये वारंवार चर्चिला जातो. ‘आता पूर्वीचे राहिले नाही’ असा अभिप्राय एका बाजूने व्यक्त होतो, तर ‘वयाबरोबर गाणे मुरले’ असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते. हे दोन्ही अभिप्राय बहुधा आठवणींवर आधारलेले असतात आणि आठवण ही इतिहासाच्या दृष्टीने नेहमीच जपून वापरावी लागणारी सामग्री आहे. भारतात १९०२ मध्ये कोलकाता येथे ग्रामोफोन मुद्रणास प्रारंभ झाला. तेव्हापासून या प्रश्नाला पुराव्याचा आधार मिळू लागला. एकाच कलावंताचे तारुण्यातील आणि वार्धक्यातील मुद्रण शेजारी ठेवून ऐकणे त्यामुळे शक्य झाले.

परंतु हा पुरावा तटस्थ नाही. कोणत्या काळात, कोणत्या तंत्राने, कोणाच्या निर्णयाने मुद्रण झाले आणि कोणते मुद्रण झालेच नाही, यावर कलावंताच्या वार्धक्याविषयीचे आपले मत अवलंबून असते. जालना भागात जन्मलेले संवादिनीवादक पं. आप्पा जळगावकर यांच्या उदाहरणातून हा मुद्दा विशेष स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने विचार करण्यात आला आहे.

प्रश्नाचे व्यापक स्वरूप

हा प्रश्न केवळ भारतीय संगीतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या जीवनातून ‘ब्लूज’ हा गायन व गिटारवादनाचा प्रकार उदयास आला. त्यातील मिसिसिपी जॉन हर्ट यांची गाणी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. नंतर आर्थिक मंदीच्या काळात ते विस्मरणात गेले आणि १९६३ मध्ये त्यांचा पुन्हा शोध लागला. पस्तीस वर्षांच्या खंडानंतर केलेल्या मुद्रणांत त्यांचे संथ, लयबद्ध गिटारवादन जवळजवळ पूर्वीसारखेच ऐकू येते. सन हाउस यांचे उदाहरण निराळे आहे. १९३० मध्ये मुद्रित झालेला हा कलावंत १९६४ मध्ये पुन्हा लोकांसमोर आला, तेव्हा स्वतःच्या जुन्या रचना त्यांना एका तरुण गिटारवादकाच्या साहाय्याने आठवाव्या लागल्या. तरीही १९६५ च्या मुद्रणातील त्यांच्या गायनाचा आवेश श्रोत्यांना हलवून गेला. बी. बी. किंग यांनी तर वयाच्या ऐंशीनंतर, २००८ मध्ये, आपल्या जुन्या शैलीकडे परतणारा ध्वनिसंग्रह प्रसिद्ध केला.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट लक्षात येते. बोटांची चपळाई, स्मरणशक्ती आणि कलेची तळमळ या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत. त्या एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात क्षीण होत नाहीत. उत्तरकालीन मुद्रणांविषयीचे बरेचसे गैरसमज या तिन्हींची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात.

हिंदुस्थानी गायनातील काही दाखले

हिंदुस्थानी संगीतातही हेच वैविध्य आढळते. गोव्यातील केरी येथे १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी साठच्या दशकाच्या पूर्वार्धात जाहीर गायन थांबविले. उतरत्या काळातील गाणे लोकांसमोर येऊ न देण्याचा हा निर्णय होता, असेच त्याचे स्वरूप दिसते. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात अवकाशात झेपावलेल्या व्हॉयेजर यानातील ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी समाविष्ट आहे. अशा प्रकारे जगाच्या स्मरणात राहिलेले त्यांचे रूप हे ऐन भरातील आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे. तीसच्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. तथापि त्यांची खरी कीर्ती साठीनंतरच्या गायनामुळे पसरली. १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गात राहिले. गंगूबाई हनगल यांच्या बाबतीत तर तुलनेचा आधारच बदलतो. प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकांतील त्यांचा आवाज उंच आणि नाजूक आहे. पुढे गळ्याच्या विकारावरील उपचारानंतर तो जड व भारदस्त झाला. आज रसिक ज्याला ‘गंगूबाईंचा आवाज’ म्हणून ओळखतात, तो हा नंतरचा आवाज होय. येथे ‘पूर्वीचे राहिले नाही’ हे विधान शब्दशः खरे असूनही त्यातून ऱ्हास सिद्ध होत नाही.

मुद्रणतंत्राचाही विचार येथे आवश्यक ठरतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. त्या अवधीत गायकाला राग, बंदिश आणि ताना यांचा अर्क मांडावा लागे. साहजिकच ते गाणे वेगवान व आवेशपूर्ण वाटते. दीर्घ वादनाच्या तबकडीने एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश दिला आणि पुढे कॅसेटमुळे विलंबित ख्याल सविस्तर मुद्रित करणे सोपे झाले. ज्या कलावंताचे तारुण्य तीन मिनिटांत आणि वार्धक्य तासाभराच्या कॅसेटमध्ये बंदिस्त झाले, त्याच्या गाण्यातील संथपणा वयामुळे आला की माध्यमामुळे, हे तपासल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे.

जालना ते पुणे : एका साथीदाराची वाटचाल

गायकाच्या बाबतीत वय थेट वाद्यावर, म्हणजे गळ्यावर परिणाम करते. वादकाचे वाद्य तेच राहते. थकतात ती बोटे. साथीदाराची स्थिती याहून वेगळी असते. त्याची कला दुसऱ्याच्या कलेच्या आधाराने प्रकट होते आणि त्यामुळे तिचा इतिहास लिहिणे अवघड जाते.

सखाराम प्रभाकर जळगावकर ऊर्फ पं. आप्पा जळगावकर यांचा जन्म ४ एप्रिल १९२२ रोजी जालना भागात झाला. त्या वेळी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला. आप्पांनी प्रारंभी गायनाचे शिक्षण घेतले व नंतर ते संवादिनीकडे वळले. गायनाचा हा पाया त्यांच्या साथीसाठी महत्त्वाचा ठरला, कारण ख्यालाची मांडणी ज्याला आतून ठाऊक आहे, तोच गायकाची पुढची दिशा ओळखू शकतो. पं. भीमसेन जोशी, डॉ. वसंतराव देशपांडे, पं. जसराज, किशोरी आमोणकर अशा अनेक श्रेष्ठ कलावंतांना त्यांनी साथ केली. इ. स. २००० च्या संगीत नाटक अकादमी पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

आकाशवाणीवरील बंदी आणि हरवलेले तारुण्य

आप्पांच्या उत्तरकालीन मुद्रणांची तुलना त्यांच्या तारुण्यातील मुद्रणांशी करावी, असे कोणी म्हटल्यास एक ऐतिहासिक अडचण समोर येते. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. हे वाद्य मूळचे युरोपीय, त्यावर मींड काढता येत नाही आणि त्याचे ठरीव स्वर भारतीय श्रुतींना बाधक ठरतात, असे आक्षेप त्यामागे होते. पाश्चात्त्य संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी या वाद्यावर टीका केली होती आणि रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचाही बंदीस पाठिंबा होता. हैदराबाद संस्थानाचा डेक्कन रेडिओ स्वतंत्र होता. तथापि १९५० मध्ये तो आकाशवाणीत विलीन झाल्यावर मराठवाड्यालाही हाच नियम लागू झाला. ही बंदी १९७१ च्या सुमारास शिथिल झाली, तीही मर्यादित स्वरूपात. साथीस परवानगी मिळाली, परंतु एकल वादनास त्यानंतरही दीर्घकाळ स्थान मिळाले नाही.

बंदी आली तेव्हा आप्पा अठराव्या वर्षात होते आणि ती शिथिल झाली तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजेच ज्या वयात बोटे सर्वाधिक चपळ असतात, त्या संपूर्ण कालखंडात देशातील सर्वात मोठ्या संगीतसंग्रहाचे दार त्यांच्या वाद्याला बंद होते. खासगी ग्रामोफोन कंपन्या हार्मोनियमची साथ मुद्रित करीत असत, परंतु जुन्या तबकड्यांवर साथीदाराचे नाव बहुधा छापले जात नसे. परिणामी त्या पिढीच्या संवादिनीवादकांचे आज उपलब्ध असलेले बहुतांश वादन हे त्यांच्या प्रौढ व उत्तर वयातील आहे. जॉन हर्ट यांच्या बाबतीत निदान १९२८ चे एक टोक हाती होते. येथे ते टोकही निसटलेले आहे. ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणण्यासाठी पूर्वीचे काय होते, हे सांगणारा पुरावाच व्यवस्थेने निर्माण होऊ दिला नाही.

साथसंगतीतील वार्धक्य

मग उत्तर वयातील साथीत तळमळ शोधावी कोठे? ती वेगात शोधल्यास निराशा होण्याचा संभव आहे. विलंबित एकतालात गायक एखाद्या स्वरावर स्थिरावतो, तेव्हा साथीदाराने केवळ तो स्वर धरून ठेवायचा असतो. पुढचा स्वर आधीच वाजविल्यास गायकाची कल्पना उघडी पडते आणि फार उशीर केल्यास आधार सुटतो. पट्टीवरून मींड काढता येत नाही. ती उणीव कणस्वर आणि भात्याच्या दाबाने भरून काढावी लागते. यासाठी बोटांच्या शक्तीपेक्षा कानाची सावधता अधिक लागते आणि ती सरावाने वाढत जाते.

गायक वृद्ध होतो तेव्हा साथीदाराचे काम अधिकच नाजूक होते. श्वास आखूड होतो, पट्टी कधी उतरते, दोन आलापांमधील विराम लांबतो. त्या विरामात साथीदाराने गायकाचीच ओळ हळुवार पुढे चालवायची आणि तो परत येताच मागे सरायचे, ही जबाबदारी येते. पं. भीमसेन जोशी यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, म्हणजे आप्पांच्या आधी बरोबर दोन महिन्यांचा. तरुणपणीच पहिली ध्वनिमुद्रिका देणाऱ्या भीमसेनजींच्या आवाजाचा प्रवास प्रत्येक टप्प्यावर मुद्रित झाला आणि २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवातही श्रोत्यांनी त्यांचे गाणे ऐकले. त्यांचे तारुण्य व वार्धक्य आज तुलनेसाठी उपलब्ध आहे. त्याच वर्षी जन्मलेल्या आणि त्यांना दीर्घकाळ साथ करणाऱ्या कलावंताच्या बाबतीत ही तुलना शक्य होत नाही. हा फरक दोघांच्या कलेतील नसून त्यांच्या वाट्याला आलेल्या नोंदींतील आहे.

ही स्थिती काही अंशी अजूनही सुधारता येण्याजोगी आहे. आकाशवाणीने दार बंद केले तरी मैफली थांबल्या नव्हत्या. हौशी रसिकांनी स्पूल टेपवर आणि नंतर कॅसेटवर केलेली खासगी मुद्रणे हाच त्या काळाचा पर्यायी दस्तऐवज होय. मात्र चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. उष्णता, दमटपणा व बुरशी यांमुळे तिच्यावरील लेप सुटू लागतो आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनी आपल्या परिसरातील अशा फितींचा शोध घेऊन त्यांवर तारीख, स्थळ, गायक आणि विशेषतः साथीदार यांची नोंद केली, तर एका मोठ्या उणिवेची भरपाई होऊ शकेल. जुन्या बखरी आणि दप्तरे मिळविण्यासाठी ज्या निष्ठेने गावोगाव फिरण्याची परंपरा मराठी इतिहाससंशोधनात आहे, तीच निष्ठा येथे उपयोगी पडणारी आहे.

निष्कर्ष

१) ज्येष्ठ कलावंताच्या उत्तरकालीन मुद्रणात तळमळ टिकते की नाही, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. शारीरिक क्षमता, स्मरण आणि कलेची ओढ यांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

२) तळमळ अनेकदा नाहीशी न होता आपली जागा बदलते. तारुण्यात ती वेगात व विस्तारात दिसते, तर वार्धक्यात निवडीत आणि संयमात. साथीदाराच्या बाबतीत ती दुसऱ्याला सावरून धरण्यात दिसते.

३) मुद्रणाचे तंत्र व त्याचा अवधी विचारात न घेता केलेली तुलना दिशाभूल करणारी ठरते.

४) पं. आप्पा जळगावकर यांच्या पिढीतील संवादिनीवादकांविषयी ऱ्हासाचा किंवा परिपक्वतेचा कोणताही निर्णय देण्यापूर्वी १९४० ते १९७१ या बंदीच्या काळाची दखल घ्यावी लागते. त्यांच्या उत्तरकालीन मुद्रणांकडे उतरत्या काळाची खूण म्हणून पाहणे त्यामुळे अन्यायाचे ठरते. एका कलावंताच्या दीर्घ आयुष्यातून जे ऐकण्यासाठी उरले, त्याचा तो मुख्य भाग आहे आणि त्याच दृष्टीने ते ऐकले गेले पाहिजे.